दिवेलागणीच्या आत

आमच्या माहेरी एक शिस्त होती. दिवेलागणीच्या आत घरात.

माझे वडील साताऱ्याकडच्या एका लहान गावात शाळामास्तर होते. ऊन कललं की ते पारावरच्या गप्पा अर्ध्यावर टाकून उठायचे. कुणाच्या घरी बारसं असो, गावात तमाशा असो, मास्तर अंधार पडायच्या आत आपल्या उंबऱ्याच्या आत. लोकांना त्याचं फार कौतुक. मुलं उनाडक्या करायला लागली की त्यांचे आईबाप आमच्या घराकडे बोट दाखवायचे. माझे आजोबा तसेच होते, चुलतेही तसेच. मीही शाळेत असल्यापासून तशीच झाले आणि आई चारचौघींत सांगायची, वळण कसं असावं ते हिच्याकडे बघून शिका.

त्या वळणाचं खरं नाव मला दिल्लीत कळलं. केंद्र सरकारच्या नोकरीत लागून, लग्न होऊन, मुलगी शाळेत जायला लागल्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांत थेंब घातले, आत उजेड मारला आणि सांगितलं, रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी कडेकडेने मरत जातात. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं, मग राहिलेलं. आनुवंशिक असतं, औषध नाही. मी घरी आले आणि वडिलांना फोन करून सांगितलं. त्यांनी आजाराचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे आपली शिस्त नव्हती म्हणायची." आणि हसले. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही, संताप आला. एका घरातली इतकी माणसं इतकी वर्षं ठेचकाळली आणि एकानंही तोंडातून शब्द काढला नाही.

आज माझी गत अशी आहे की, समोरच्या माणसाचा चेहरा दिसतो, वर्तमानपत्र वाचता येतं, सुईत दोरा ओवता येतो. पण पायाशी ठेवलेलं स्टूल दिसत नाही. एका नळीतून जग बघावं तसं ते. ऑफिसात कुणी हात पुढे केला तर तो मला दिसतच नाही आणि माणूस ओशाळून हात मागे घेतो. माझ्या पाठीमागे, खरं तर माझ्या बाजूलाच उभं राहून, "मैडम को बहुत घमंड है" असं म्हटलेलं मी ऐकलंय. दिसत नाही म्हणून ऐकू येत नाही असं लोकांना का वाटतं, देव जाणे.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. घेतच होते. पण मुलगी अठराची झाली.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, तिला असण्याची शक्यता अर्धी अर्धी. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला, मैत्रिणींकडे स्कूट्या आल्या आणि हिलाही स्कूटी हवी झाली. तिचे वडील म्हणाले, "आधी डोळ्यांची टेस्ट. मग स्कूटी." त्यावर तिनं बोलणंच बंद केलं. आणि त्याच सुमारास मला एक गोष्ट दिसली, जी माझ्यासारखीलाच दिसू शकते. मुलगी कॉलेजातून अंधाराच्या आत घरी यायला लागली. मैत्रिणी सिनेमाला निघाल्या की हिचं डोकं दुखायचं. संध्याकाळचं कोचिंग हिनं भांडून सकाळचं करून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या बाई मला म्हणाल्या, "कितनी संस्कारी बच्ची है आपकी! रोज टाइम से घर."

मी तिला सरळ विचारलं. मला आडपडदा जमत नाही.

"तुला रात्री दिसतं ना नीट?"

"बिल्कुल दिसतं, यार आई. तू पण ना!"

"मग टेस्ट करून टाक. एकदा कळलं की सुटलो."

तिनं मोबाइल खाली ठेवला. "आणि असलं तर? त्याचं काही होतं का? नाही होत. मग कळून काय करू मी? घरात बसू?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आधी तू बरी होऊन दाखव. मग मी टेस्ट करते. प्रॉमिस."

पोरगी हट्टाला माझ्यावर गेलेली. मी म्हटलं, ठरलं.

बरं व्हायचं कसं, हे मात्र ठाऊक नव्हतं. रस्ता माझ्या नवऱ्यानं आणला. त्याच्या मंत्रालयातल्या एका सहकाऱ्याच्या सासूबाईंना म्हणे फरीदाबादच्या एका ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांनी फार गुण दिला होता. त्यांना काय झालं होतं ते विचारलं तर कळलं, गुडघे. मी म्हटलं, गुडघ्यातून डोळ्यापर्यंत यायला सुईला वेळ लागेल. पण नवऱ्याला थट्टा कळत नाही अशातला भाग नाही, तो ती ऐकूनच घेत नाही. त्यानं इंटरनेटवरून कागद छापून आणले. परदेशात कुठेकुठे अशा रुग्णांवर सुयांचे प्रयोग झाले होते, काहींना थोडा फरक वाटला होता. मी ते कागद घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी ते खरंच वाचले, याचं मला बरं वाटलं. म्हणाल्या, "देखिए, पुरावा फार तुटपुंजा आहे. मोजकी माणसं, थोडा काळ. मी करा म्हणणार नाही. स्वच्छ सुया वापरणारा माणूस असेल तर नकोही म्हणणार नाही. पण ह्याच्या भरवशावर बाकीचं काही सोडू नका."

"बाकीचं म्हणजे?"

"पांढरी काठी शिकून घ्या म्हणून मी तुम्हाला कधीपासून सांगतेय."

तो विषय मी त्या दिवशीही उडवून लावला. काठी म्हणजे हरल्याची पावती, असं माझं तेव्हाचं मत. मी जिंकायला निघाले होते.

मग शनिवारच्या शनिवारी फरीदाबाद. आर. के. पुरमला मेट्रोत बसायचं, कालकाजी मंदिरला गाडी बदलायची आणि ओल्ड फरीदाबादला उतरून रिक्षा करायची. नवरा सोबत असायचा. सेक्टरच्या मार्केटात, किराणा आणि टेलर यांच्या मधल्या जिन्यावरून वर गेलं की दवाखाना. डॉक्टर साठीचे, पंजाबी, हात ऊबदार. पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "बहनजी, मैं भगवान नहीं हूँ. कोशिश करेंगे." मला असली माणसं आवडतात. माझा निम्मा अविश्वास तिथेच ओसरला.

सुया केसासारख्या बारीक. भुवईच्या टोकाला, डोळ्याखालच्या हाडाच्या कडेला, कानशिलावर, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागात, पावलावर. टोचताना मुंगी चावल्यागत होई आणि मग ती जागा भरून येई, जड होई. कधी सुयांना बारीक वायरी जोडून हलका करंट देत. मी चेहऱ्यावर सुया रोवून पडून राही आणि खालच्या टेलरची मशीन ऐके. इतकं शांत मी घरी कधी पडलेली नव्हते. माझी जुनी डोकेदुखी तिसऱ्या-चौथ्या खेपेलाच थांबली, झोप लागायला लागली. हे खरं आहे आणि मी ते नाकारणार नाही.

एकदा डोळ्याखालची बारीकशी शीर फुटली आणि सोमवारी मी काळानिळा डोळा घेऊन ऑफिसात गेले. दिवसभर कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पॅन्ट्रीत ओढलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "कब से चल रहा है ये सब? आप चुप मत रहिए." माझा नवरा झुरळ दिसलं तर मला हाक मारतो. मी घरी येऊन त्याला हे सांगितलं तर तो बिचारा पुढचे पंधरा दिवस माझ्या ऑफिसच्या फाटकाशी यायचाच बंद झाला.

गुण येतोय की नाही हे बघायची जबाबदारी त्यानं घेतली होती. त्याची पद्धत अशी. रात्री जेवणं झाली की तो हॉलमधला मोठा दिवा बंद करायचा, कोपऱ्यातला मंद दिवा ठेवायचा आणि स्टीलची एक वाटी जमिनीवर कुठेतरी ठेवायचा. मी स्वयंपाकघरातून यायचं आणि वाटी शोधायची. पहिल्या आठवड्यात मी वाटीला लाथ मारली. दुसऱ्याही. पण पुढे पुढे वाटी सापडायला लागली. आधी उशिरा, मग लवकर, मग तर मी सरळ चालत जाऊन उचलायला लागले. मला वाटीची कड चमकताना दिसायची. शपथेवर सांगते, दिसायची. नवरा टाळ्या वाजवायचा. त्यानं पुण्याला आपल्या आईला फोन करून सांगितलं, त्यांनी गणपतीला नवस बोलून टाकला. मुलगी आपल्या खोलीच्या दारात उभी राहून हे बघायची. आत यायची नाही. पण एकदा मी वाटी उचलून वर बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. आनंदानं रडले. मला वाटलं, आता होणार. हिची टेस्ट होणार आणि काही निघालं तरी हिला सुया आहेत.

संक्रांत आली. आमच्या समोरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्या वर्षी नागपूरकडचं एक कुटुंब राहायला आलं होतं. आर. के. पुरमचे क्वार्टर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको. सगळे एका साच्यातले. कुणाच्याही घरी जा, बटण तिथेच, कडी तिथेच, मोरीचा उंबरठा तेवढाच उंच. इतकी वर्षं ह्या वसाहतीत मी जी ताठ मानेनं वावरले ती त्या साच्याच्या जोरावर. हळदीकुंकवाला मी नेहमी सगळ्यांच्या आधी, उन्हं असताना जाऊन यायची. ह्या खेपेला म्हटलं, का म्हणून? दिवे लागल्यावर जाईन. पैठणी नेसले आणि अंधार पडल्यावर समोरचं दार वाजवलं. नुसता जिन्याचा चौक ओलांडायचा होता, पण माझ्या माहेरची शिस्त मोडायला तेवढं पुरे होतं.

आत बायका जमल्या होत्या. यजमानीण तरुण, तारांबळ उडालेली. एका हातात अत्तरदाणी, कडेवर बाळ. म्हणाली, "अय्या, तिळगुळाचा डबा किचनमध्येच राहिला!"

"थांब, मी आणते," मी म्हटलं.

"राहू द्या हो ताई, पॅसेजचा बल्ब गेलाय."

"काही बिघडत नाही. मला दिसतंय."

हे मी सगळ्यांच्या देखत म्हटलं. आणि झपझप पॅसेजमध्ये शिरले, आमच्या घरात वळते तशी उजवीकडे वळले आणि मोरीच्या उंबरठ्याला पाय अडकून बादलीसकट आडवी झाले.

समोरासमोरचे क्वार्टर उलटे असतात. आमचं स्वयंपाकघर उजवीकडे तर त्यांचं डावीकडे. हे मला ठाऊक होतं, दिवसाउजेडी मी तिथे कितीदा गेले होते. पण त्या काळोखात मी त्यांच्या घरात चाललेच नव्हते. मी माझ्या घरात चालत होते.

बायका धावत आल्या. कुणी हसलं, कुणी गप्प केलं. मीही हसले, भिजलेल्या पैठणीत बसून मोठ्यानं हसले, कारण दुसरं काय करणार. गुडघा सोलवटला होता. पण बसल्या बसल्या माझ्या डोक्यात वाटी वाजायला लागली होती. नवऱ्याची वाटी. तो माणूस लग्न झाल्यापासून रोज सकाळी एकाच बाजूनं पेपर उघडतो. त्याच्या हातानं तो वाटी ठेवून ठेवून कुठे ठेवणार? सोफ्याच्या पायाशी, फ्रिजच्या कडेला, टीव्हीच्या टेबलाखाली, फिरून सोफ्याच्या पायाशी. मी डोळ्यांनी वाटी शोधत नव्हते. मी नवऱ्याच्या स्वभावानं शोधत होते. कड चमकताना दिसायची ती डोक्यात दिसायची.

घरी आले, साडी बदलली, गुडघ्याला हळद लावली. नवरा घाबरला होता. मी त्याला म्हटलं, "आज वाटी तू नाही ठेवायची. ती ठेवेल." आणि मुलीला हाक मारली.

"मी नाही," मुलगी म्हणाली.

"ठेव."

"आई, प्लीज."

"ठेव म्हणते ना."

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. मोठा दिवा गेला. तिनं "चलो" म्हटलं. मी आले. सोफ्यापाशी पाहिलं, फ्रिजपाशी पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. मग हॉलच्या मधोमध माझा पाय वाटीवर पडला आणि ती खणखणत भिंतीपर्यंत गेली. गोल गोल फिरत राहिली ती, थांबता थांबेना. कुणीच ती उचलायला वाकलं नाही. मुलगी आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

नवरा म्हणाला, "एका दिवसावरून काही ठरत नाही."

"ठरतं," मी म्हटलं.

तरी मी मोजून घ्यायचं ठरवलं, कारण रागाच्या भरात काढलेलं माझं अनुमान पुढे टिकत नाही. हॉस्पिटलात जाऊन फील्ड टेस्ट केली. एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, बाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. उजेड कुठे येईल ते कुणालाच माहीत नसतं. तिथे पाठांतर चालत नाही. निकाल आला, गेल्या वर्षीइतकाच. तसूभर वाढलं नाही, तसूभर घटलं नाही.

तो कागद मी फरीदाबादच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तो बघितला. म्हणाले, "घटा नहीं, ये भी तो कुछ है." आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की ह्या आजारात एखादं वर्ष असंच स्थिर जातं, सुया असोत वा नसोत. कोण खरं, ते माझ्या एकटीच्या डोळ्यांवरून कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "डॉक्टर साहब, सिर का दर्द गया, नींद आई, इसके लिए हाथ जोड़ती हूँ. आँखों के लिए अब नहीं आऊँगी." ते उठून जिन्यापर्यंत सोडायला आले. पहिल्या पायरीशी थांबून म्हणाले, "बेटी को डाँटना मत." मी त्यांना मुलीच्या अटीबद्दल कधीतरी सुया टोचून घेताना सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. माझा सुयांवर राग नाही. त्यांनी मला फसवलं नाही. मला माझ्या चांगल्या स्मरणशक्तीनं फसवलं.

परतीच्या मेट्रोत नवऱ्यानं माझा हात धरला होता आणि मी चिडून विचार करत होते. मुलगी म्हणाली होती, बरी होऊन दाखव. ते तर आता होणार नव्हतं. मग तिच्यासमोर काय उरलं? वाटीला लाथ मारणारी आई. पारावरून अर्ध्या गप्पा टाकून उठणारे तिचे आजोबा. आणि अंधाराच्या आत घरी येणारी ती स्वतः. पिढ्यानपिढ्या ह्या आजारानं आमचे डोळे नेले ते नेले, पण रात्रीही नेल्या. त्या आम्ही आपल्या हातानं दिल्या होत्या, वर त्याला शिस्त म्हणून मिरवलं होतं. कालकाजीला गाडी बदलताना मी नवऱ्याला म्हटलं, "सोमवारी मी काठीच्या क्लासला नाव घालतेय."

"अगं, तुला अजून एवढं दिसतंय! पेपर वाचतेस. काठी कशाला?"

"मोरीतल्या बादलीला विचार."

"लोकांना सगळ्यांना कळेल. उद्या पोरीचं लग्न..."

"कळू दे. माझ्या वडिलांचं कुणाला कळलं नाही म्हणून माझं लग्न झालं. तुला पश्चात्ताप होतोय का?"

आर. के. पुरमला उतरलो तेव्हाही त्यानं माझा हात धरलेलाच होता.

काठी शिकवणारी बाई तरुण होती आणि कडक. लाडीगोडी नाही. काठी नाभीसमोर धरायची, डावा पाय पुढे तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पाय पुढे तेव्हा डावीकडे. मला वाटलं होतं, यात काय शिकायचं? पहिल्या दिवशी मी तिच्याच घोट्यावर काठी हाणली. तिनं आणखी एक शिकवलं. कुणाच्या मदतीनं चालायचं तर त्यानं आपल्याला दंडाला धरून ओढायचं नाही. आपण त्याचं कोपर धरायचं, वरच्या बाजूनं, आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. ज्याला वाट कळते त्यानं पुढे, ज्याला कळत नाही त्यानं कोपर धरायचं. इतकं साधं. इतकी वर्षं नवरा मला खोक्यासारखी पुढे ढकलत आला होता.

सराव मी आमच्याच सेक्टरच्या बागेत केला, दिवसाउजेडी, सगळ्यांच्या देखत. बाकांवरची माणसं बोलायची थांबायची. ऑफिसला काठी घेऊन गेले त्या पहिल्या दिवशी मेट्रोत मला जागा मिळाली आणि मी सवयीनं मोबाइल काढून वाचायला लागले. समोरचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "नाटक देखो, सीट के लिए अंधी बनी है." मी मोबाइल खाली ठेवला आणि त्याला म्हटलं, "भाईसाहब, आपका चेहरा दिख रहा है. आपके पैर नहीं दिख रहे. उतरते वक़्त उन पर चढ़ जाऊँ तो नाटक मत समझिएगा." डबा हसला. घरी आल्यावर मुलीनं विचारलं, "लोग देखते होंगे ना?" मी म्हटलं, "देखते हैं. बघू देत. कुणी तरी बघायला हवं, मला तर दिसत नाही." ती हसली नाही. पण काठीकडे बघत राहिली.

अंधारात मी अजून गेले नव्हते. शिकवणारीनं सांगितलं होतं, घाई नको. होळीच्या अलीकडची एक संध्याकाळ. थंडी गेली होती, खिडक्या उघड्या होत्या. साखर संपली होती आणि नवरा ऑफिसातून यायचा होता. मी पायांत चपला सरकवल्या आणि काठी घेतली.

"कुठे निघालीस? अंधार पडलाय," मुलगी म्हणाली.

"मार्केटला. साखर आणायला."

"पप्पा आणतील ना."

"मला आणायचीय. दिवेलागणीच्या आत घरात यायचं, हे आपल्या घरात पुरे झालं आता."

"दिवेलागण म्हणजे?"

मला हसू आलं. ज्या शब्दानं आम्हां सगळ्यांना घरात कोंडलं तो माझ्या दिल्लीच्या पोरीला माहीतच नव्हता, आणि तरी ती तो पाळत होती. मी सांगितलं, "दिवे लावायची वेळ. तू रोज घरी येतेस ना, ती."

मी जिन्याचे कठडे धरून खाली उतरले. फाटकाशी पोचले तेव्हा मागून तिच्या चपला वाजल्या. "मी पण येते," ती म्हणाली. "तू पडलीस तर?"

"ये. पण मला धरायचं नाही."

रस्त्याला लागलो. मोठ्या रस्त्यावर उजेड होता, ती माझ्या बाजूनं चालत होती, मोबाइलवर काहीतरी बघत असल्यासारखी. मग मार्केटकडे वळणारी गल्ली आली. तिथे कडुनिंबांची रांग आहे आणि त्यांच्याखालचा एकही दिवा त्या दिवशी लागलेला नव्हता. माझ्यापुढे काळं कापड टाकल्यासारखं झालं. भीती वाटली, चांगलीच वाटली. मी थांबले, श्वास घेतला आणि काठी फिरवली. डावीकडे कठडा लागला. उजवीकडे उभ्या गाडीचं चाक. पुढे मोकळं. मी चालायला लागले. काठीचं टोक एका जागी एकदम खाली गेलं. गटाराची फरशी निघालेली होती. मी काठीनं तिची पलीकडची कड शोधली आणि बाजूनं वळसा घातला.

तेव्हा लक्षात आलं, मागच्या चपला वाजत नव्हत्या.

"आलीस का?" मी विचारलं.

उत्तर नाही.

"अगं?"

"आई." आवाज बराच मागे होता. अगदी बारीक. "तू कुठे आहेस?"

मी तिच्यापासून फार तर आमच्या हॉलच्या लांबीइतकी दूर होते. पलीकडच्या टोकाला मार्केटचे दिवे होते, त्या उजेडापुढे कुणालाही मी उभी दिसले असते. कुणालाही.

रडायची ती जागा नव्हती, तिथे गटार उघडं होतं. "जिथे आहेस तिथेच थांब," मी म्हटलं. "मी येते." आणि मी काठीनं आलेली वाट उलटी मोजत तिच्यापर्यंत गेले. माझं कोपर तिच्या हाताला लागलं. तिनं चाचपून ते धरलं, घट्ट, वरच्या बाजूनं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"अर्धं पाऊल मागे राहा," मी सांगितलं. "पुढे उजवीकडे खड्डा आहे."

आम्ही गल्ली ओलांडली. मार्केटच्या झगझगाटात आलो तरी तिनं कोपर सोडलं नाही. दुकानदारानं साखर तोलली, आमच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात नीट दिली. परत जाताना ती म्हणाली, "त्याच गल्लीतून जाऊ या?"

"जाऊ या."

फरशीच्या जागी मी थांबले. तिचा हात धरून काठीच्या मुठीवर ठेवला आणि टोक खाली सोडलं, म्हणजे तिलाही कळावं खड्डा किती खोल आहे ते. तिनं तो नीट, सावकाश चाचपला. मग काठी माझ्या हातात परत दिली.

"डॉक्टरकडे उद्याची अपॉइंटमेंट मिळेल का गं?" तिनं विचारलं.

"सकाळी लवकर गेलं तर मिळेल."

"मग लवकर जाऊ," ती म्हणाली, आणि माझं कोपर धरून अर्धं पाऊल मागे झाली.